ब्रेकला लावलेला कौल

आमच्याकडे एक गाडी आहे जिला मागची सीट नाही, एसी नाही, टेप नाही, दारांना आतून पत्राच दिसतो, आणि गेल्या दसऱ्यापासून पुढचे कित्येक आठवडे तिला धड ब्रेकही नव्हता. ब्रेक नव्हता म्हणजे अगदीच नव्हता असं नाही. गाडी थांबायची, पण आधी विचार करायची. पेडल दाबलं की इडलीवर पाय पडावा तसं आत जायचं, पुन्हा दाबलं की जरा कडक लागायचं, आणि आणखी एकदा दाबेपर्यंत समोरची वस्तू जवळ आलेली असायची.

गाडी माझी नाही, बायकोची आहे. हे आधीच सांगतो, कारण लोक नेहमी उलटं धरून चालतात. मी गाडी चालवतो ती घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये, पहिल्या गिअरमध्ये, बातम्या ऐकत. ती चालवते ती पुण्याच्या पुढच्या एका छोट्या रेसट्रॅकवर, थंडीतल्या एखाद्या रविवारी, हेल्मेट घालून. एरवी ती एका ऑफिसात हिशेब तपासते आणि कुणाशी चढ्या आवाजात बोलत नाही. ट्रॅकवर मात्र वळण अगदी तोंडावर येईपर्यंत तिचा पाय ब्रेकवर जात नाही. मी तिचा मेकॅनिक. नोकरीने मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, म्हणजे इतरांच्या चुका शोधून काढायचा मला पगार मिळतो. त्याचा या प्रकरणात काडीचाही उपयोग झाला नाही.

गाडी राहते बायकोच्या माहेरी, कोलशेतला. आमच्या टॉवरच्या कमिटीने ‘पार्किंगमध्ये भंगार उभे करू नये’ अशी नोटीस लिफ्टमध्ये लावली आणि तिचा रोख कुणाकडे आहे हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. माहेरची मंडळी इथली जुनी. आजोबा मिठागरावर होते, नंतर शेती होती, आता जमिनींवर बिल्डिंगी उभ्या आहेत आणि घरासमोर एवढं मोठं अंगण राहिलंय की त्यात मेहुण्याचे पाण्याचे टँकर, दोन बुलेट आणि आमचं भंगार सुखाने नांदतं. अडचण एकच होती, सासूबाई.

सासूबाईंना गाडीचा राग नव्हता, भीती होती. त्यांचा सख्खा भाऊ फार वर्षांपूर्वी घोडबंदरच्या घाटात गेला. समोरून येणाऱ्या डंपरचे ब्रेक लागले नाहीत. तेव्हापासून लेक ट्रॅकवर गेली की ती परत येईपर्यंत सासूबाई पाण्याचा थेंबही तोंडात घेत नाहीत. सत्तरीची बाई, साखरेच्या गोळ्या चालू. मागच्या खेपेला आम्ही परतलो तेव्हा त्या ओटीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि त्यांना बोलताही येत नव्हतं. त्या रात्री घरी येताना बायको म्हणाली, “या डिसेंबरला शेवटचं. मग विकून टाकू.” मला फार वाईट वाटलं, आणि सासूबाईंचा रागही आला. माझी बायको चाळिशीला टेकलेली आहे आणि तिने आयुष्यात स्वतःसाठी म्हणून हट्टाने धरलेली ही एकच गोष्ट आहे.

शेवटचं तर शेवटचं, निदान गाडी झकास करून देऊ, म्हणून दसऱ्याच्या आधी मी पुढच्या चाकांचे कॅलिपर काढले. डिस्कला दोन्हीकडून चिमटीत धरून गाडी थांबवतात ते हे कॅलिपर. दोन्ही चाकांचे दिसायला जुळे भाऊ, एक उजवा, एक डावा. आतली रबरं बदलली, वरून लाल रंग दिला, आणि चुकामूक नको म्हणून एकावर ‘उ’ आणि एकावर ‘डा’ अशी चिकटपट्टी लावली. चिकटपट्टी लावताना मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं हे आठवतंय.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या घरात खंडेनवमीला जे जे लोखंडाचं आहे ते सगळं पुजलं जातं. कोयते, विळे, टँकरचा पंप, मेहुण्याची जिमची डंबेल्ससुद्धा. सासूबाई अंगणात आल्या, चाकं काढून ठोकळ्यांवर उभी केलेली गाडी त्यांनी बघितली आणि कमरेवर हात ठेवले. त्यांच्या बोलीत शब्दाच्या आतल्या ‘ड’चा ‘र’ आणि ‘ळ’चा ‘ल’ होतो, त्यामुळे गाडी ही गारी आणि वेडा हा येरा.

“जावयबापू, देव लंगरा कसा पुजाचा?”

म्हटलं, गाडी उद्या जोडतो. तर म्हणाल्या, पूजा आज आहे. मग त्यांनीच मार्ग काढला. कॅलिपर पाटावर मांडायचे. पाटाखाली रांगोळी, पाटावर लाल कापड, कापडावर माझे दोन लाल कॅलिपर, त्यांना झेंडूची माळ. दह्यादुधाचा तांब्या त्यांच्या हातात दिसला तेव्हा मी मध्ये पडलो. ब्रेकच्या पिस्टनला पंचामृत चालत नाही, हे जगातल्या कुठल्याही मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नाही, कारण लिहावं लागेल असं कुणाला वाटलं नाही. तडजोड होऊन फुलाने दोन थेंब शिंपडायचं ठरलं. पण चिकटपट्ट्या त्यांनी काढूनच टाकल्या.

“चिकटपट्टी लावलेला देव कोनी बगलाय का?”

“अहो, पण उजवा कुठला, डावा कुठला कळायला नको का?”

“मना कलते. उजवा उजवेलाच ठेवलाय.”

दसऱ्याला मी पाटासमोर बसून नमस्कार केला, उजव्या हाताचा कॅलिपर उचलला आणि उजव्या चाकाला बसवला. डाव्या हाताचा डाव्या चाकाला. ब्रेक ऑइल भरलं, हवा काढली, चाकं चढवली. बायकोने आत बसून पेडल दाबलं आणि काचेतून माझ्याकडे बघितलं.

“अरे, हे तर मऊ आहे.”

आता मऊ पेडल म्हणजे नळीत हवा. हे पुस्तकात आहे, व्हिडिओत आहे आणि मेहुण्याच्या तोंडात तर कायमच असतं. “दाजी, हवा हाय,” तो टँकरवरून उतरता उतरता सांगून गेला. शेजारचे आले, तेही म्हणाले हवा आहे. सासऱ्यांचे एक चुलतभाऊ खुर्ची टाकून बसले, त्यांनी पेडलच्या दुखण्याची सगळी हकिगत नीट ऐकून घेतली आणि ओवा सुचवला. ते विनोद करत नव्हते असं मला अजूनही वाटतं.

हवा काढायची पद्धत सोपी आहे, फक्त माणसं दोन लागतात. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं. दुसऱ्याने चाकापाशी बसून कॅलिपरचं निपल, म्हणजे त्यावरचा छोटा पोकळ स्क्रू, सोडायचं, त्यातून ऑइल आणि बुडबुडे बाटलीत येतात, मग निपल आवळायचं आणि आतल्याने पाय उचलायचा. दाब, धर, सोड. हे करायला बायको नको म्हणाली. तिचं तोंड बघून मी आग्रह केला नाही. तिला त्या पेडलवर पाय ठेवायचीच भीती वाटायला लागली होती, आणि ब्रेकवरचा भरवसा गेलेला ड्रायव्हर म्हणजे संपलाच. मेहुण्याला बसवलं तर तो पाय पेडलवर आणि डोळे मोबाइलवर ठेवायचा आणि धरायच्या वेळी सोडायचा.

तेव्हा सासूबाई पुढे आल्या. “मी दाबते.”

मला वाटलं चेष्टा करतायत. ज्या बाईने त्या गाडीला कधी बोट लावलं नाही, ती लुगड्याचा काष्टा आवळून रेसिंगच्या सीटमध्ये उतरली. उतरली हाच शब्द बरोबर आहे, कारण त्या सीटच्या बाजू एवढ्या उंच असतात की माणूस त्यात रोवला जातो. पण त्यांनी पेडल दाबलं ते मात्र मनापासून.

“दाबा.”

“दाबला.”

“धरा.”

“धरला. सोरू का?”

“नाही! धरा!”

“अवं, पाय चाल्ला ना खाली. मी काय करू?”

असं आम्ही जावई-सासू पुढचे कित्येक शनिवार-रविवार करत राहिलो. दिवाळीतल्या फराळाची ताटं मी चाकापाशी बसून खाल्ली. बुडबुडे येईनासे व्हायचे, ऑइल स्वच्छ यायचं, आणि पेडल तसंच. माजिवड्याच्या दुकानातून पेडलचा दाब नळ्यांत पाठवणारा नवीन मास्टर सिलिंडर आणून बसवला. फरक नाही. रबरी नळ्या काढून स्टीलच्या जाळीच्या घातल्या. दिसायला सुंदर, फरक नाही. मागच्या चाकांची हवा काढली, गाडीचं तोंड वर करून काढली, शेपूट वर करून काढली. दुकानदार मला लांबून बघितलं की ब्रेक ऑइलचा डबा काउंटरवर ठेवायला लागला. सीटमधून सासूबाईंना बाहेर काढणं हा वेगळा कार्यक्रम असायचा. मी एका हाताला, मेहुणा दुसऱ्या हाताला, आणि गल्लीतली बायकामंडळी कठड्याला.

डिसेंबर जवळ आला तशी बायकोने गाडीचं नाव काढणं सोडलं. एकदा भांडी लावता लावता म्हणाली, “जाऊ दे रे. नाहीतरी विकायचीच आहे.” माझा संताप झाला. तिच्यावर नाही, त्या पेडलवर. शेवटचं एकदासुद्धा मिळू नये म्हणजे काय? ऑफिसात मी त्या आठवड्यात इतरांच्या कामात एवढ्या चुका काढल्या की मॅनेजरने मला बाजूला घेऊन घरी सगळं ठीक आहे ना, म्हणून विचारलं.

पुढच्या रविवारी, पुन्हा एकदा दाबा-धरा करून झाल्यावर, सासूबाई सीटमधून उठायचं नाव घेईनात. मला वाटलं पाठ धरली. मी दाराशी गेलो तर त्यांच्या डोळ्यांत पाणी.

“जावयबापू, येक सांगू? पोरीला बोलाचा नय.”

आणि मग त्यांनी सांगितलं. खंडेनवमीच्या संध्याकाळी त्या गावदेवीला गेल्या होत्या. ओटी भरली आणि मागणं मागितलं, की माझ्या लेकीची ही गाडी बंद पाड. कायमची बंद पाड, पुन्हा पुण्याला जायला नको. आणि दुसऱ्याच दिवशी पेडल मऊ झालं.

“मी सांगला गारी बंद पार. तिना ब्रेक बंद पारला! गारी पलतेच हाय, थांबत नय. आता माजी पोर गेली त माज्याच तोंडानी गेली.”

मी ऑइलने बरबटलेले हात तसेच धरून उभा राहिलो. खरं सांगतो, मला आधी अपमान वाटला. एवढे दिवस मी मास्टर, नळ्या, रबरं करतोय आणि या बाईंच्या हिशेबात हे सगळं खातंच दुसरीकडे आहे! मग त्यांच्याकडे नीट बघितलं. त्या एवढे रविवार त्या सीटमध्ये स्वतःला कोंबून का घेत होत्या ते मला कळलं, आणि माझा राग उतरला. भावाला ज्या गोष्टीने नेलं, तीच आपण लेकीसाठी मागून आणली असं वाटत असताना ही बाई दाबा म्हटलं की दाबत होती.

“चला,” मी म्हटलं, “देवीला विचारून येऊ.”

मी देवाधर्मातला माणूस नाही. पण सगळं तपासून झालेलं असलं की उरलेलंही तपासावं, हा आमच्या धंद्याचा नियम आहे.

गावदेवीचं देऊळ खाडीच्या बाजूला, दोन टॉवरच्या मध्ये अंग चोरून आहे. तिथे कौल लावतात. पुजारी देवीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्याने एकेक कळी चिकटवतो, आपण प्रश्न विचारायचा, आणि कुठली कळी आधी पडते ते बघायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. सासूबाईंनी पदर पसरला आणि तिथल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “आये, ब्रेकचा काम तुजा हाय का?”

पुजाऱ्याने एवढ्या वर्षांत ब्रेकचा कौल लावला नसावा, पण त्याने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. आम्ही बघत राहिलो. पंखा बंद केलेला होता. बराच वेळ दोन्ही कळ्या जागच्या हलेनात. माझ्या पायाला मुंग्या आल्या. आणि मग माझ्या उजव्या हाताकडची कळी घरंगळली आणि खाली ताम्हणात पडली.

“उजवी,” मी म्हणालो. मला स्वतःच्या आवाजात थोडी भीती ऐकू आली.

सासूबाईंनी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. “डावी. देवीचा उजवा बगाचा, आपला नय. ती आपल्याकरं त्वांड करून बसलीय.”

म्हणजे उत्तर नाही असं होतं. देवीने हात झटकले होते. सासूबाईंचा चेहरा एकदम सैलावला, मग लगेच प्रश्नार्थक झाला. “मंग कोनाचा काम?”

माझ्या डोळ्यांसमोर मात्र पाट होता. लाल कापड, झेंडूची माळ आणि दोन कॅलिपर, आपल्याकडे तोंड करून बसलेले.

“आई, खंडेनवमीला तुम्ही उजवा कॅलिपर कुठल्या बाजूला ठेवला होता?”

“उजवेला.”

“कुणाच्या?”

“देवाच्या. पाटावर बसला तो देव. त्याचा उजवा त्याचे उजवेला. आनि कसा ठेवतान?”

मी देवळातून पळत सुटलो. चपला मागे राहिल्या, त्या नंतर पुजाऱ्याने पाठवून दिल्या. अंगणात येऊन मी पुढच्या चाकापाशी आडवा झालो आणि इतके आठवडे दर खेपेला बघितलेली गोष्ट पहिल्यांदा बघितली. निपल खाली होतं. दोन्हीकडे. कॅलिपर उलटसुलट बसले की बाकी सगळं बेमालूम जुळतं, बोल्ट बसतात, नळी बसते, फक्त निपल वरच्याऐवजी खालच्या बाजूला येतं. आणि हवा तर वर जाऊन बसते. मी एवढे दिवस टाकीच्या खालच्या नळातून पाणी सोडत होतो आणि वरची हवा का जात नाही म्हणून टाकी बदलत होतो. निपलला बाटली लावायला खालून फार सोयीचं पडतंय, असंही मला दर वेळी वाटलं होतं.

सासूबाई मागून धापा टाकत आल्या. मी त्यांना दाखवलं. त्यांनी वाकून बघितलं, समजून घेतलं, आणि म्हणाल्या, “मंग तुमी डोल्यांनी बगला नय?”

कॅलिपर अदलाबदल केले. निपल वर आलं. सासूबाई सीटमध्ये उतरल्या. दाबा, धरा, सोडा. पहिल्याच खेपेला बाटलीत भसकन एवढी हवा आली की मला हसू फुटलं. थोड्या वेळाने आतून आरोळी आली, “दगर! दगर जाला!” मी त्यांना बाजूला करून स्वतः दाबून बघितलं. खरंच दगड.

बायकोला फोन करून बोलावून घेतलं. ती ऑफिसच्या कामाचा लॅपटॉप तसाच उघडा ठेवून आली. पेडल दाबून बघितलं, पुन्हा दाबून बघितलं. मी तिला कॅलिपरची गोष्ट सांगितली, देवीकडे काय मागितलं होतं ते सांगितलं नाही. ते सासूबाईंनीच सांगितलं, माझ्यादेखत, गाडीच्या दाराला धरून, एका दमात. मला वाटलं आता दोघींचं वाजणार. बायकोने शेजारची सीट थोपटली.

“बस.”

“मी? नय बाई.”

“ब्रेक लागतो का नाही ते तूच बघ. त्याच्यावर आता कुणी भरवसा ठेवायचा?” त्याच्यावर म्हणजे माझ्यावर.

देवळामागून खाडीकडे जाणारा गोदामांचा रस्ता रविवारी रिकामा असतो. तिथे मी पुढे जाऊन, रस्त्याच्या कडेला, गाडी जिथे थांबायला हवी तिथे उभा राहिलो. मेहुणा मागच्या टोकाला उभा राहून कुणी मध्ये येत नाही ना ते बघत होता. सासूबाईंना पट्टे बांधायला दोघं लागले होते. छातीवरून दोन, कमरेवरून दोन, आणि मध्ये त्यांचं मंगळसूत्र अडकत होतं.

गाडीचा आवाज आला आणि मग गाडी आली. ट्रॅकवर येते तशी नाही, पण सासूबाई आत असताना यायला हवी त्यापेक्षा बरीच जोरात. तेवढ्यात बायकोने ब्रेक लावला. गाडीचं नाक खाली दबलं, टायर थोडे किंचाळले, आणि गाडी माझ्या पायांपासून हातभर अलीकडे गच्च उभी राहिली.

धूळ खाली बसली तेव्हा मला काचेतून आत दिसलं. बायकोचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. सासूबाईंनी डोळे गच्च मिटले होते आणि त्यांचा उजवा हात आडवा, लेकीच्या छातीवर दाबून धरलेला होता. पुढे आपटू नये म्हणून पोराला आडवा हात घालतात तसा. लेकीला चार पट्टे बांधलेले होते. ती चाळीस वर्षांची होती, आणि ब्रेक तिनेच लावला होता.

मी खिडकीशी गेलो. बायकोचे डोळे भरले होते आणि तिने तो हात बाजूला केला नाही.

“आये, थांबली गाडी,” ती म्हणाली.

सासूबाईंनी एक डोळा उघडला. समोर बघितलं, खाली पेडलकडे बघितलं, मग दुसरा डोळा उघडला. हात तिथेच होता.

“आता जरा जोरान घे,” त्या म्हणाल्या.